“उंदरांत!” म्हणणारे देवरे सर

देवरे सर उंदरांशी अहिराणीत बोलायचे.

विद्यार्थ्यांशी शुद्ध मराठी, परिसंवादात इंग्रजी, प्राचार्यांशी शक्यतो काहीच नाही, आणि उंदरांशी अहिराणी. सकाळी साडेआठला आमच्या फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसचं दार उघडलं की आतून आवाज यायचा, “काय भो, कसा शेतस?” पिंजऱ्यांतून खुसफुस व्हायची. सर ती उत्तर म्हणून धरायचे. सुई टोचायची वेळ आली की पांढऱ्या उंदराला तळहातावर घेऊन म्हणायचे, “घाबरू नको रे, मी शे ना.” सुई तेच टोचणार असायचे, हा भाग वेगळा.

मी त्यांच्याकडे पीएचडीला लागले तेव्हा धीर करून विचारलं, “सर, अहिराणीच का?”

“मी सटाण्याकडचा. काकू तुझ्या पुण्याच्या. घरात अहिराणी बोललो की त्या म्हणतात, नीट बोला. नाशकात माझ्याशी बोलायला आहे कोण? हे निदान चुका तरी काढत नाहीत.”

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. ते विनोद करत नसत; आम्हालाच तसं वाटायचं.

त्यांचा दुसरा शब्द होता “उंदरांत”. कोणी सांगितलं की अमुक पाल्याने साखर उतरते, तर सर आधी विचारत, “कोणात?” ऑफिसातल्या जोशीबाई एकदा हळदीचं माहितीपत्रक घेऊन आल्या. हळद अमुकवर चालते, तमुकवर चालते. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचलं आणि परत दिलं. “हे सगळं उंदरांत झालंय, जोशीबाई. उंदरांचं अभिनंदन.”

माणसांबाबत त्यांना कशाचीच खात्री नसे. नाशिकमध्ये मिसळ कुठली चांगली यावरून भाऊ भावाशी बोलायचा थांबतो. सरांनी हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचं ठरवलं. काकूंनी दोन ठिकाणची मिसळ आणायची, सारख्याच दोन वाट्यांत वाढायची, एकीला अ म्हणायचं आणि एकीला ब, आणि सर डोळ्यांवर नॅपकिन बांधून चव घेणार, गुण देणार. चार रविवार हा प्रयोग चालला. ब मोठ्या फरकाने जिंकली. मग काकूंनी सांगितलं की दोन्हीकडे गर्दी फार, म्हणून त्या पहिल्याच रविवारी हात हलवत परत आल्या होत्या. चारही रविवार दोन्ही वाट्यांत घरच्याच एका पातेल्यातली मिसळ होती.

दुसरा नवरा चिडला असता. सर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. “शैला, अगं, हाच तर निकाल! माणूस सारख्या दोन गोष्टींत फरक काढतो, आणि ठामपणे काढतो!” ही गोष्ट ते दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. तुलना करायला औषध न दिलेला गट का लागतो, ज्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, ते आमच्या कॉलेजात सगळे त्या मिसळीवरून शिकले.

अ‍ॅनिमल हाउसचे त्यांचे नियम सगळ्यांना पाठ होते. अत्तर नको, वासाचं तेल नको, गजरा तर नकोच. “तुझ्या मोगऱ्याने त्यांना रात्रभर झोप नाही.” आणि दारातच प्रश्न: “घरी भांडून आलीस का?” एकदा मी खरंच आईशी भांडून आले होते. सरांनी दिवसभर मला बाहेर बसवून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या. “रागातला हात त्यांना कळतो,” म्हणाले. आणि दिवाळीत शेजारच्या कॉलनीत घरोघरी जाऊन सुतळी बॉम्ब लावू नका म्हणून हात जोडत. “आमच्याकडे पाहुणे आहेत हो.” लोकांना वाटायचं, सरांचे सासरे आलेत.

प्रयोग संपला की उंदरांचाही शेवट करावा लागतो. ते काम सरांनी कधी कुणा विद्यार्थ्याला करू दिलं नाही. दार लावून एकटे करत. त्या दिवशी डबा न उघडता घरी जायचा, आणि काकू मला फोन करून विचारायच्या, “आज त्यांच्याकडचं कोणी गेलं का गं?”

माझा विषय होता एक झुडूप. इगतपुरीच्या पुढे घाटात वाढतं, साल चावली तर जीभ बधिर होते इतकी कडू. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. का ते कळेलच. त्या सालीत एक अल्कलॉइड होतं. अल्कलॉइड म्हणजे झाडांत तयार होणारी द्रव्यं, बहुतेक कडूच. चहातलं कॅफिन त्याच घराण्यातलं आणि अफूतलं मॉर्फिनही. अंगणातल्या सदाफुलीच्या अल्कलॉइडांपासून कर्करोगावरची औषधं निघाली, ती आजही देतात. तसंच आणखी एखादं आपल्या घाटात निघालं तर, एवढंच आमचं स्वप्न. ‘आमचं’ म्हणते, पण माझंच होतं. सर म्हणायचे, “झाडाने हे तुझ्यासाठी नाही बनवलं, वैशाली. तुझ्यासारख्यांनी खाऊ नये म्हणून बनवलंय. हे विसरू नकोस.”

आम्ही उंदरांच्या कातडीखाली गाठी वाढवल्या. निम्म्यांना अल्कलॉइड दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दर दोन दिवसांनी मी गाठी मोजायचे. मिठाच्या पाण्यावरच्यांच्या वाढत गेल्या. दुसऱ्यांच्या आधी थांबल्या, मग लहान होऊ लागल्या. मी मोजमापाची वही घेऊन पळतच सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती दोनदा वाचली.

“परत कर,” म्हणाले.

मी परत केलं. तोच निकाल. त्या दिवशी सर पिंजऱ्यांसमोर स्टुलावर बसले. मग म्हणाले, “काही उंदरांची यकृतं बिघडलीत, वजनं उतरलीत, तेही लिही. पण काम चांगलं केलंस.” ‘चांगलं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

तो आनंद मला पेलला नाही, हे आता कळतं. संध्याकाळी मावसभाऊ प्रशांतदादा घरी आला होता. तो एका लहानशा न्यूज पोर्टलसाठी बातम्या लिहितो. मी त्याला सगळं सांगितलं. उंदरांवर केलंय, हेही सांगितलं, शपथेवर सांगते. सकाळी बातमी आली: ‘नाशिकच्या प्राध्यापकाला सापडलं कर्करोगावर रामबाण औषध’. खाली झुडपाचं नाव आणि कॉलेजच्या वेबसाइटवरून घेतलेला सरांचा फोटो. उंदीर कुठेच नव्हते. मी ते वाचलं, चूक दिसली, आणि तरीही आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं, ‘आमच्या लॅबचं काम!’ ते उद्गारचिन्ह मला अजून दिसतं.

दुपारपर्यंत ती बातमी कुठल्या कुठे गेली. मी सरांसमोर उभी राहून रडत सांगितलं, “सर, मीच बोलले. ग्रुपवरही मीच टाकली.”

“काढता येईल?”

“आता नाही येणार.”

“मग फाटकाशी चल. खुर्च्या लागतील.”

फाटकाशी माणसं जमली होती. कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे. दुसऱ्या दिवशी आणखी आली, तिसऱ्या दिवशी गाड्या करून आली. सर रोज सकाळी फाटकाशी बसायचे आणि एकेकाला सांगायचे: हे उंदरांत झालंय, माणसांत नाही, माणसाला किती द्यायचं माहीत नाही, यकृत जाऊ शकतं, चालू असलेलं औषध सोडू नका. आम्ही ज्या शब्दावर इतकी वर्षं हसलो, तो शब्द ते हात जोडून म्हणत होते.

निफाडकडच्या एक बाई होत्या, मुलीसाठी आलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग आमाला उंदीरच समजा ना सर. पन द्या.”

सर उठले, त्या बाईंना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, मुलीची फाइल मागून घेतली आणि कुठल्या डॉक्टरला भेटायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्या कागद घेऊन गेल्या, पण औषधाविना चालल्यात, हे त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं.

त्या गर्दीतच अशोक आला. अंबडला एका कारखान्यात लेथवर कामाला, चाळिशीचा. बायकोला, मंगलला, स्तनाचा कर्करोग. केमो चालू होती. केस गेले होते, उलट्यांनी ती बेजार होती, आता नको म्हणत होती. सर त्याच्याशी तासभर बोलले. “अशोकराव, केमो थांबवायची नाही. मला शब्द द्या.” अशोकने मान डोलावली आणि गेला.

दीड महिन्याने कुणीतरी सांगितलं की पंचवटीत भाजीबाजाराजवळ एक हातगाडीवाला त्या झुडपाची साल आणि काढा विकतोय. सर तसेच स्कूटरवर निघाले. मी मागे बसले. गाडीवर ज्येष्ठमध, ओवा, अश्वगंधा, आणि मधोमध ती बातमी, लॅमिनेशन करून, सरांच्या फोटोसकट.

सर गाडीशेजारी उभे राहिले. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, “घेऊ नका. हे उंदरांत केलंय.”

गाडीवाला वैतागला. “काका, बाजूला व्हा. लय मोठ्या सायंटिस्टचं औषध हाय हे.”

“तो सायंटिस्ट मी आहे.”

त्याने लॅमिनेशन उचललं, सरांच्या चेहऱ्याशेजारी धरलं, नीट पाहिलं. “फोटोत केस जास्त हायेत.”

“जुना आहे फोटो.”

“मंग तुमचंच औषध ना? तुमीच नको म्हनता?”

मला भर बाजारात हसू फुटलं. तेवढ्यात समोरून अशोक आला. हातात काढ्याची रिकामी बाटली. भरून घ्यायला आला होता.

“तुम्ही शब्द दिला होता,” सर म्हणाले.

अशोक खाली बघत राहिला. “ती केमोला नायच म्हनते सर. मी लय समजावलं. हे पिते. हे प्यालं की तिला वाटतं, बरं होतंय.”

सरांनी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली, मला रिक्षाने जा म्हणाले, आणि अशोकला स्कूटरवर मागे बसवून अंबडला गेले. तिथे ते मंगलशी काय बोलले, मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात ती केमोला गेली. तोवर बरेच दिवस वाया गेले होते. सर मात्र पुढचे तीन दिवस त्या हातगाडीच्या मागे फिरले. शेवटी गाडीवाल्यानेच साल गोदावरीत फेकली आणि म्हणाला, “जा आता घरी.”

द्राक्षांच्या हंगामात मंगल गेली.

मी सरांकडे गेले. मला एकच वाक्य हवं होतं. “सर, केमो मध्ये थांबली नसती, तरी हे झालंच असतं ना?”

ते गाठी मोजायचं कॅलिपर पुसत होते. त्यांनी ते खाली ठेवलं. “माहीत नाही.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

“दुसरी मंगल नाही ना आपल्याकडे, ताडून बघायला. एकच होती.”

मला त्यांचा राग आला. रागावले असते तर बरं झालं असतं. जाऊ दे म्हणाले असते तरी बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. झुडपाचं कामही संपलं. मोठ्या उंदरांत, घुशींएवढ्या, तपासलं तेव्हा दिसलं की ज्या मात्रेने गाठ कमी होते, जवळजवळ त्याच मात्रेने यकृत जातं. म्हणजे ते औषध कधी नव्हतंच. मी पीएचडी पूर्ण केली, तिथेच शिकवायला लागले. सर निवृत्त झाले. दिवाळीला मी फोन करायचे, तेव्हा ते कॉलेजातल्या पाहुण्यांची चौकशी करत. मी दोन मिनिटांत फोन ठेवायचे.

गेल्या वर्षी सर गेले. झोपेतच, हृदयाने.

कॉलेजात शोकसभा झाली. ज्यांच्याशी सर कधी बोलत नसत ते प्राचार्य सरांवर पाऊण तास बोलले. काकू पहिल्या रांगेत होत्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, “निवृत्त झाले तरी शनिवारी दुपारी तुमच्याकडे यायचेच बघ. उंदीर सुटले नाहीत त्यांचे.” निवृत्तीनंतर सर एकदाही कॉलेजात आले नव्हते.

शेवटच्या रांगेत कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता. खुर्च्या रिकाम्या असूनही बसला नव्हता. सभा संपल्यावर गाड्या लावतात तिथे त्याने मला गाठलं.

“ओळखलं का मॅडम? मी अशोक. अंबडचा.”

मी मान हलवली.

“सर शनिवारी यायचे माझ्याकडं. आमची सुट्टी शनिवारी. मंगल गेल्यापास्नं, सहा वर्सं. पैल्यांदा आले तवा मी दार नाय उघडलं. पायरीवर बसून राह्यले. पुढच्या शनिवारी पन तसंच. तिसऱ्यांदा घेतलं आत. आत येऊन म्हनले, अशोकराव, ती बातमी माझ्यामुळं आली. निकाल लागला, आनंद झाला, मी नको तिथं बोलून बसलो. तुमची चूक नाही, मंगलताईंची नाही. माझी.”

“सर असं म्हणाले?” मी विचारलं.

“मंग मी लय बोललो त्यांना. नको नको ते बोललो. तुमच्या हौसंपायी माझी बायको गेली म्हनलो. ते ऐकून घ्यायचे. झालं की म्हनायचे, चला, जेवायचं काय करू या? मला सैपाक येत नव्हता, आन् त्यांना तर मुळीच नाय. पिठल्याला बेसन किती, तर चमच्यानं मोजायचे, सपाट करून! भाकरी थापता थापता हात भाजून घेतला एकदा. पन शिकलो दोघं.” अशोक हसला, आणि मग त्याने बाहीने डोळे पुसले. “लय सच्चा मानूस. दुसऱ्या कुनी कबूल केलं असतं का?”

आयुष्यभर पुराव्याशिवाय ‘आज ऊन आहे’ असंही न म्हणणाऱ्या माणसाने, त्याच्या समोर बसून, हे सांगितलं होतं.

“अशोकदादा,” मी म्हटलं, “सरांनी नव्हती दिली ती बातमी. मी दिली होती. ते सगळं मला बोलायला हवं होतं तुम्ही.”

तो स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला. मी वाट बघत होते. काहीही म्हणाला असता तरी मी ऐकून घेणार होते.

“सर तुमाला कदी बोलले त्यावरनं?”

“नाही. एकदाही नाही.”

त्याने किल्ली खिशात ठेवली. रिकाम्या होत चाललेल्या सभागृहाकडे बघितलं. तिथे सरांच्या फोटोचा हार काढणं चाललं होतं.

“सहा वर्सं बोललो मी त्यांना,” तो म्हणाला. “आता ते कुठं जाऊन परत घेऊ?”